चित्र मागे, अक्षर पुढे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मोहल्ल्याच्या शादीखान्यात बायकांसाठी आरोग्याचा कार्यक्रम होता. लहान मुलांना जुलाब लागले तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी काय करावे, हा विषय. आमची भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे माहिती सांगायचे काम तिच्याकडे आले. दोन रात्री जागून तिने आठ स्लाइड बनवल्या. आम्हांला लॅपटॉपवर दाखवल्या, आम्ही ‘माशाअल्लाह’ म्हणून पाठ थोपटली. चूक तिची होती तेवढीच आमचीही होती, ती अशी.

चौथ्या स्लाइडवर पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासचा मोठा, सुंदर फोटो होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, १/२ सपाट चमचा मीठ. शादीखान्यात दुपारचा उजेड. ‘१/२’ मधला एक आणि तिरकी रेघ नेमकी ग्लासच्या कडेवर चकाकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यावर आली होती. पडद्यावर उरला फक्त दोन. शेवटच्या रांगेतून एका नानींनी विचारले, “बेटा, मीठ दोन चमचे घालायचं ना?”

भाचीचा चेहरा उतरला. जुलाबाने गळून गेलेल्या लेकराला खारट पाणी पाजणे किती वाईट, हे तिला पुरते ठाऊक होते. “नाही नानी, अर्धा! फक्त अर्धा!” असे तिने दोनदा सांगितले. पण तोवर चार-पाच जणींनी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून घेतला होता. घरी आल्यावर ती म्हणाली, “मामू, माझं बोलणं हॉलमध्येच राहिलं. फोटो मात्र घरोघर गेला.”

त्या रात्री तिच्याबरोबर बसून आम्ही ती स्लाइड दुरुस्त केली. तेव्हा जे केले, तेच या महिन्याच्या पानावर लिहीत आहोत. शाळेचा प्रोजेक्ट असो, कॉलेजचा सेमिनार असो की जमातीच्या सभेतला वर्षाचा हिशेब, चित्रावर अक्षरे लिहिण्याची हौस सगळ्यांनाच असते. हौसेला हरकत नाही. पण चित्र मागे सरले पाहिजे आणि अक्षर पुढे आले पाहिजे. त्यासाठीची सोय पॉवरपॉइंटमध्येच आहे. तिचे नाव ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शकता.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पारदर्शक केल्याने चित्र नुसते फिकट होत नाही, तर त्यातून मागचा रंग दिसू लागतो. ट्रान्सपरन्सी ०% असेल तर चित्र पूर्ण भरीव, १००% केली तर चित्र दिसेनासे. ७०% केली तर चित्राचा अंश ३०% उरतो, बाकी मागचा रंग. म्हणून मागे स्लाइड पांढरी असेल तर चित्र फिकट होते, आणि काळी किंवा गडद निळी असेल तर तेच चित्र काळवंडते. पांढऱ्या स्लाइडवर गडद अक्षरे, गडद स्लाइडवर पांढरी अक्षरे, हा हिशेब इथून येतो. भाचीने पुढे पांढऱ्या स्लाइडवरचे चित्र फिकट केले, पण अक्षरे पांढरीच ठेवली. मग होते तेवढेही दिसेना!

आता कृती. पॉवरपॉइंटची आवृत्ती नवी असेल तर काम सोपे आहे. चित्रावर एकदा क्लिक करा. वरच्या पट्टीत ‘पिक्चर फॉरमॅट’ उघडेल. तिथे ‘ट्रान्सपरन्सी’ असे बटण आहे. ते दाबले की एकाच चित्राचे कमी-जास्त फिकट नमुने दिसतात, त्यांतला एक निवडा. स्वतः टक्के ठरवायचे असतील तर खालच्या ‘पिक्चर ट्रान्सपरन्सी ऑप्शन्स’ वर जा आणि सरकपट्टी हळूहळू पुढे न्या. चित्राने अक्षरे झाकली असतील तर चित्रावर उजवे बटण दाबून ‘सेंड टू बॅक’ करा, म्हणजे चित्र मागे जाईल.

बऱ्याच घरांत मात्र जुना संगणक आणि जुनी आवृत्ती असते. २०१०, २०१३ किंवा २०१६ च्या पॉवरपॉइंटमध्ये ते बटण शोधत बसू नका. तिथे वाट थोडी वळणाची आहे. ‘इन्सर्ट’ मधून ‘शेप्स’ घ्या आणि एक आयत काढा. ‘शेप आउटलाइन’ मध्ये जाऊन त्याची कड काढून टाका. मग आयतावर उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट शेप’ उघडा, ‘फिल’ मध्ये ‘पिक्चर ऑर टेक्श्चर फिल’ निवडा आणि तुमचे चित्र त्यात भरा. खालीच ट्रान्सपरन्सीची सरकपट्टी मिळते. एवढेच सांभाळा की आयताची लांबी-रुंदी चित्राच्या प्रमाणात असावी. नाहीतर उभा फोटो आडव्या आयतात ताणला जातो आणि आजोबा दुप्पट रुंद दिसतात.

चित्र अख्ख्या स्लाइडभर हवे असेल तर याहून सोपा मार्ग आहे. स्लाइडच्या रिकाम्या जागी उजवे बटण दाबा, ‘फॉरमॅट बॅकग्राउंड’ उघडा, तिथेही ‘पिक्चर ऑर टेक्श्चर फिल’ आणि ट्रान्सपरन्सी दोन्ही आहेत. हे चित्र पार्श्वभूमीतच बसते, त्यामुळे अक्षरे हलवताना चुकून चित्र हातात येत नाही.

पॉवरपॉइंट विकत घेतलेले नसेल तर गुगल स्लाइड्स चालते. संगणकावर चित्र निवडून ‘फॉरमॅट’ मधले ‘फॉरमॅट ऑप्शन्स’ उघडा, ‘अॅडजस्टमेंट्स’ खाली ट्रान्सपरन्सीची पट्टी आहे. लिबरऑफिस इम्प्रेस फुकट मिळते आणि इंटरनेट नसतानाही चालते. त्यात चित्र निवडल्यावर येणाऱ्या पट्टीत टक्क्यांचा चौकोन असतो, त्यात आकडा टाकला की झाले.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. शाळेचे किंवा संस्थेचे बोधचिन्ह हिरव्या स्लाइडवर ठेवले की त्याच्याभोवती पांढरा चौकोन दिसतो, तो कसा घालवायचा? ही पारदर्शकता वेगळी. इथे सगळे चित्र फिकट करायचे नसते, एकच रंग काढायचा असतो. ‘पिक्चर फॉरमॅट’ मध्ये ‘कलर’ आणि त्याच्या तळाशी ‘सेट ट्रान्सपरंट कलर’ निवडा आणि त्या पांढऱ्या भागावर क्लिक करा. चौकोन जाईल. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बोधचिन्हाच्या आत पांढरी अक्षरे असतील तर तीही जातील, कारण संगणकाला आतला पांढरा आणि बाहेरचा पांढरा हा फरक कळत नाही. दोन, जेपीजी प्रकारच्या चित्रात पांढऱ्याच्या अनेक छटा असतात. एकच छटा जाते आणि कडेला मळकट झालर राहते. अशा वेळी ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ वापरून पाहा. काम झालेले बोधचिन्ह पुन्हा वापरायचे असेल तर ते पीएनजी प्रकारात साठवा. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही, पांढरा चौकोन परत येऊन बसतो.

आता पुन्हा त्या ग्लासकडे. चित्र किती टक्के फिकट करावे? याचे एक उत्तर नाही. लॅपटॉप हातभर अंतरावर असतो, पडद्यापासून शेवटची खुर्ची तीस-चाळीस फुटांवर. शिवाय प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळ्याच्या जागी तो उजेड टाकत नाही, एवढेच. खोलीत ऊन असेल तर तो ‘काळा’ पडद्याइतकाच उजळ दिसतो आणि त्यावरची पांढरी अक्षरे विरघळून जातात. म्हणून दिवसा, उघड्या खिडक्यांच्या हॉलमध्ये पांढऱ्यावर काळे अक्षर हेच बरे. आपली देवनागरी तर आणखी नाजूक. अनुस्वाराचे टिंब, रफार, खालचा उकार, हे गर्दीच्या चित्रावर सर्वांत आधी हरवतात. आकड्यांतला दशांश टिंब हरवला की १.५ चे १५ होतात.

चित्र तसेच ठेवायचा मोह आवरत नसेल तर आणखी एक युक्ती आहे. चित्राला हात न लावता अक्षरांच्या मागे एक पांढरा आयत ठेवा आणि तो आयतच २०-२५% पारदर्शक करा. चित्र आयताबाहेर ठसठशीत राहते आणि अक्षरे स्वच्छ उठून दिसतात.

भाचीने त्या रात्री हे सगळे करून पाहिले. ग्लास ७०% फिकट केला, मग ८०%. स्लाइड टीव्हीला जोडली आणि आमच्या अम्मींना ओसरीच्या टोकाला बसवून विचारले, “नानी, मीठ किती?” अम्मी डोळे बारीक करून म्हणाल्या, “पाणी छान दिसतंय, पोरी. मीठ काही दिसत नाही.”

त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ग्लासचे चित्र उचलून पहिल्या स्लाइडवर नेऊन ठेवले, तिथे फक्त विषयाचे नाव होते. चौथी स्लाइड कोरी पांढरी केली. मोठ्या काळ्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या आणि १/२ खोडून ‘अर्धा’ हा शब्द टाकला. या वेळी अम्मींनी तिन्ही ओळी धडाधड वाचल्या. दुसऱ्या दिवशी तीच स्लाइड तिने मोहल्ल्यातल्या ग्रुपवर पाठवली, आणि खाली लिहिले: “कालचा फोटो कृपया काढून टाका. मीठ अर्धा चमचाच. ओआरएसचे पाकीट मिळाले तर तेच वापरा, आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा.”

तेव्हा पालकांनो, मुलगा-मुलगी स्लाइड दाखवायला आली की आमच्यासारखी नुसती पाठ थोपटू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला खोलीच्या टोकाला बसवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. ते अडखळले तर सरकपट्टी आणखी पुढे न्या. तरीही अडखळले तर चित्र काढा. औषधाचे प्रमाण, पैशांचा आकडा, तारीख आणि पत्ता, या चार गोष्टींच्या मागे चित्र ठेवूच नका.

पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.