‘विचर’ची पुण्याई आणि ‘सायबरपंक’चे कर्ज

व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, हा समज निदान पोलंडमध्ये तरी केव्हाच मागे पडला आहे. २०११ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा वॉर्साच्या भेटीवर आले, तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी त्यांना दिलेल्या भेटींमध्ये ‘द विचर २’ या गेमचाही समावेश होता. ज्या कंपनीने हा गेम घडवला, ती सीडी प्रोजेक्ट १९९४ मध्ये परदेशी गेमच्या सीडी आणून विकण्यापासून सुरू झाली होती. आयात करणाऱ्या दुकानदारीपासून राष्ट्रीय अभिमानापर्यंतचा हा प्रवास कौतुकास्पद होता. साहजिकच, डिसेंबर २०२० मध्ये याच कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ बाजारात येऊन कोसळला, तेव्हा तो केवळ एका उत्पादनाचा अपघात राहिला नाही. ‘विचर’ घडवणाऱ्या हातांकडून असे झालेच कसे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. आज तो दुरुस्त होऊन लोकप्रिय झाल्यावरही त्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळालेले नाही.

दोन्ही गेम ‘ओपन वर्ल्ड रोल-प्लेइंग’ या प्रकारातले. खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घ्यावी, विस्तीर्ण जगात मनास येईल तिकडे भटकावे आणि आपल्या निर्णयांचे परिणाम भोगावेत, अशी ही रचना असते. आन्जेई सापकोव्स्की यांच्या कथांवर आधारलेला ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ मे २०१५ मध्ये आला. त्याचा नायक गेराल्ट हा ठरलेला माणूस आहे. त्याला भूतकाळ आहे, स्वभाव आहे, जिव्हाळ्याची माणसे आहेत. खेळणारा त्याला घडवत नाही, त्याच्या वतीने फक्त निवड करतो. या मर्यादेतच गेमचे बळ होते. युद्धाने उजाड झालेल्या व्हेलेन प्रांतात दारूपायी आपले घर उद्ध्वस्त केलेला एक सरदार भेटतो. त्याची बायको व मुलगी शोधण्याचे काम गेराल्टकडे येते. पुढे एका झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडावे की मारावे, हे ठरवावे लागते. सोडले तर अनाथ मुले वाचतात, पण एक गाव बेचिराख होते आणि सरदाराची बायको प्राणास मुकते. मारले तर ती जिवंत राहते, पण भ्रमिष्ट होऊन, आणि मुलांना वाचवणारे कुणी उरत नाही. दोन्ही वाटांवर कुणाचा तरी बळी जातो आणि योग्य उत्तर कोठेच लिहिलेले नसते. आडवाटेवरच्या किरकोळ कामातही ही नैतिक गुंतागुंत जपली गेली. त्या गेमचे नाव झाले ते यामुळे.

‘सायबरपंक’ने नेमकी हीच चौकट मोडली. माइक पॉन्डस्मिथ यांनी १९८८ मध्ये रचलेल्या कागद-पेन्सिलीच्या खेळावर तो आधारलेला आहे. इथे रानवाटा आणि खेडी नाहीत. आकाशाला भिडलेली नाइट सिटी आहे, जिथे राज्य कंपन्यांचे चालते आणि माणूस स्वतःचे अवयवही बाजारातून विकत घेतो. नायक ‘व्ही’ कसा दिसेल, कोठून आला असेल, हे खेळणाराच ठरवतो. स्वातंत्र्य वाढले, पण त्याबरोबर वचनही वाढले आणि ते पुरे झाले नाही. भटका, रस्त्यावरचा किंवा कंपनीचा नोकर यांपैकी कोणतेही पूर्वायुष्य निवडले, तरी आरंभीच्या प्रकरणानंतर कथा जवळजवळ एकाच वाटेने जाते. पहिल्या आवृत्तीत गुन्हा करताच पोलीस हवेतून प्रकटल्यासारखे पाठीशी उभे राहत. शहर डोळे दिपवणारे होते, पण खेळणाऱ्याच्या वागण्याची दखल घेत नव्हते.

तथापि, लेखनात घसरण झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘व्ही’च्या मेंदूत एका मृत गायकाचे, जॉनी सिल्व्हरहँडचे, डिजिटल अस्तित्व रुजते आणि तेच हळूहळू ‘व्ही’ला संपवत जाते. कीआनू रीव्हज यांनी साकारलेला हा जॉनी आधी शत्रू, मग सोबती आणि अखेरीस जवळजवळ वारसदार बनतो. मूळ खेळात मृत्यू टाळण्यापेक्षा त्याला सामोरे कसे जायचे, एवढेच बहुतांशी हाती राहते. माणसांच्या हिशेबात ‘सायबरपंक’ हा ‘विचर’चाच सख्खा भाऊ आहे. फरक पडला तो कारखान्यात.

या गेमची घोषणा २०१२ मध्येच झाली होती. परंतु ‘विचर ३’ची दुसरी पुरवणी २०१६ मध्ये संपेपर्यंत कंपनीला त्याकडे पूर्ण लक्ष देता आले नाही. प्रकाशनाची तारीख २०२० या एकाच वर्षात तीनदा पुढे ढकलली गेली. कर्मचाऱ्यांवर जादा कामाची सक्ती करणार नाही, असे २०१९ मध्ये सांगणाऱ्या व्यवस्थापनाने २०२० च्या सप्टेंबरात सहा दिवसांचा आठवडा लादल्याचे उघड झाले. समीक्षकांना आधी फक्त संगणकावरची आवृत्ती दिली गेली. २०१३ च्या पिढीतील प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर गेमची काय अवस्था आहे, हे ग्राहकाला पैसे मोजल्यावरच कळले. १० डिसेंबरला गेम आला आणि आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकून पैसे परत देण्यास सुरुवात केली. तो परतला जून २०२१ मध्ये. दरम्यान गुंतवणूकदार न्यायालयात गेले आणि अमेरिकेतील दावा कंपनीने १८ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला. गंमत अशी, की तरीही २०२० संपेपर्यंत या गेमच्या १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. ग्राहकांनी पैसे मोजले ते ‘विचर’च्या पुण्याईवर.

‘विचर’ निर्दोष होता आणि ‘सायबरपंक’ सदोष निघाला, ही मांडणी मात्र सोयीची आहे, खरी नाही. २००७ चा पहिला ‘विचर’ पुढच्याच वर्षी सुधारित आवृत्ती काढून सावरावा लागला. २०११ च्या ‘विचर २’लाही २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती मिळाली. ‘विचर ३’चे प्रकाशनही लांबले होते आणि आला तेव्हा त्यातही दोष होते. आधी विकायचे आणि मग निगुतीने दुरुस्त करायचे, ही या कंपनीची जुनी सवय आहे. ग्राहकांनी त्या दुरुस्तीलाच औदार्य मानले, म्हणून ती सवय गुण ठरली. २०२० मध्ये प्रमाण वाढले आणि तोच गुण अंगाशी आला.

पुढची दुरुस्ती मोठी होती, हे मान्य करावेच लागेल. सप्टेंबर २०२३ च्या २.० या सुधारणेने पोलिसांचे वर्तन, कौशल्यांची रचना आणि लढाई नव्याने बांधली. पाठोपाठ आलेल्या ‘फँटम लिबर्टी’ या पुरवणीने ‘विचर’ची आठवण करून देणारी, विश्वासघात आणि निष्ठा यांच्या कात्रीत पकडणारी कथा दिली. २०२४ पर्यंत विक्री ३ कोटींवर गेली. या कहाणीला आता पुनर्जन्म म्हटले जाते.

पण हा पुनर्जन्म कोणाच्या वाट्याला आला? सर्वाधिक फटका बसला होता तो जुन्या यंत्रांवर खेळणाऱ्यांना, आणि २.० ही सुधारणा व ‘फँटम लिबर्टी’ त्या यंत्रांसाठी आलीच नाहीत. नव्या यंत्रावर गेमची नवी आवृत्ती विनामूल्य मिळते खरी, पण नवे यंत्र विनामूल्य मिळत नाही. ज्याने पैसे परत घेतले नाहीत, वाट पाहिली आणि नवे यंत्र घेणे ज्याला परवडले नाही, त्याच्या हाती अर्धवट सुधारलेला गेमच उरला. कंपन्यांच्या निष्ठुरतेवर बेतलेल्या गेमच्या नशिबी हे यावे, यातला विरोधाभास बोलका आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने ‘द विचर ४’ची पहिली झलक दाखवली. नायिका सिरी आहे आणि स्वतःचे तंत्रज्ञान सोडून कंपनी अनरियल इंजिन ५ कडे वळली आहे. तंत्र बदलल्याने काही दोष कमी होतील. पण खरी कसोटी तंत्राची नाही. गेम ज्या यंत्रांसाठी विकला जाईल, त्या प्रत्येक यंत्रावर तो प्रकाशनाआधी समीक्षकांना दाखवला जातो की नाही, आणि तारीख गाठण्यासाठी पुन्हा माणसे भरडली जातात की नाही, यावरच ‘सायबरपंक’चा धडा गिरवला गेला की केवळ विसरला गेला, हे ठरेल. दुरुस्तीने गेम सुधारतो. विश्वास मात्र पहिल्या दिवशीच कमवावा लागतो.