वाटाडे विद्यार्थी आणि मूक संस्था

२०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. ती राखण्यासाठी १७,५०० रुपये ठराविक वेळेच्या आत भरावयाचे होते. गावकऱ्यांनी हातभार लावून पैसे उभे केले. पण ते जमा होण्यापूर्वीच मुदत संपली. पुढे ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेषाधिकार वापरला, तेव्हा कोठे त्याला प्रवेश मिळाला. २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील एका विद्यार्थ्याची जागा पैसे भरताना आलेल्या तांत्रिक अडचणीने अशीच गेली होती. त्यालाही न्याय दिल्लीतच मिळाला. ही दोन्ही मुले दलित कुटुंबांतील होती. गणितात व पदार्थविज्ञानात ती कमी पडली नव्हती. ती अडली ती दाराच्या कडीपाशी!

२०२४ साली जेईई अ‍ॅडव्हान्स्डला १,८०,२०० विद्यार्थी बसले आणि आयआयटींतील जागा होत्या १७,७४०. एवढी चुरस पार केल्यावर विद्यार्थ्यापुढे दुसरी, अघोषित परीक्षा उभी राहते. २०१५ पासून ‘जोसा’ या यंत्रणेमार्फत होणाऱ्या प्रवेशासाठी शंभरावर संस्थांतील अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम लावावा लागतो. मिळालेली जागा पक्की करावयाची, की ती हाती ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहावयाची, हे फ्रीज, फ्लोट आणि स्लाइड या तीन शब्दांतून ठरवावे लागते. इतर मागासवर्गीयांचा दाखला केंद्राच्या नमुन्यातील आणि त्याच आर्थिक वर्षातील हवा असतो. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या बापाला हे कोणी सांगावयाचे?

ते सांगतात गेल्या वर्षी त्याच वाटेने गेलेले विद्यार्थी. आपला अभ्यास सांभाळून, रात्री उशिरापर्यंत दूरध्वनीवर ते अनोळखी मुलांच्या शंका फेडतात. विदर्भात २०१७ पासून ‘एकलव्य’ ही संस्था घराण्यातील पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या ग्रामीण मुलांना देशातील नामवंत विद्यापीठांच्या वाटेवर आणीत आहे. त्या कामातही आधी पोचलेल्यांनी मागून येणाऱ्यांना हात देण्याचेच सूत्र आहे. या तरुणांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

तथापि या मार्गदर्शनाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. एका विद्यार्थ्याचा अनुभव हा एकाच वर्षाचा व एकाच वाटेचा असतो. गेल्या साली ज्या क्रमांकाला जी शाखा मिळाली ती यंदा मिळेलच असे नाही. संगणकशास्त्राचा बोलबाला असल्यामुळे सल्लाही पुष्कळदा तिकडेच झुकतो. शिवाय ज्या मुलाला अशा मार्गदर्शकाचे नावही ठाऊक नाही, तो अंधारातच राहतो. ओळखीवर अवलंबून असलेले साहाय्य कितीही निर्मळ असले, तरी ते न्यायाची जागा घेऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, ज्याला नियम वाचता येत नाहीत त्याने अशा संस्थेत जावेच कशाला? हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. शहरातील सुखवस्तू मुलगाही हे नियम स्वतः वाचीत नाही. त्याच्यासाठी पालक वाचतात, किंवा पैसे घेऊन शिकवणीवर्ग वाचतात. फरक बुद्धीचा नसून पाठबळाचा आहे.

म्हणून संस्थांनीच पुढे आले पाहिजे. जेईई मेनची प्रश्नपत्रिका २०२१ पासून मराठीतही मिळते. मग प्रवेशाचे नियम सुबोध मराठीत का मिळू नयेत? मार्गदर्शन करणाऱ्या विद्यार्थ्यांना संस्थांनी अधिकृत माहिती व मान्यता द्यावी. मुदत टळण्यापूर्वी अडलेल्याचे ऐकून घेणारा आणि निर्णय देण्याचा अधिकार असलेला माणूस नेमावा. राज्य सरकारने आश्रमशाळांत व जिल्हा परिषदेच्या शाळांत दाखल्यांची तयारी दहावीनंतर लगेच सुरू करावी. यांपैकी एकाही गोष्टीस फारसा खर्च नाही.

वर्गात शिकविताना आम्ही एक गोष्ट पाहिली आहे: हुशार पण गरीब मूल प्रश्न विचारण्यास कचरते, आणि त्याच्या गप्प बसण्यालाच आपण अज्ञान समजतो. आज तरुण विद्यार्थी पुढे होऊन त्या मुलाला बोलते करीत आहेत. त्याला उत्तर देण्याचे कर्तव्य मात्र संस्थांचे आहे. प्रत्येक मुलाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढणे शक्य नाही. आणि ती चढावी लागू नये, यातच संस्थांची खरी प्रतिष्ठा आहे.