‘लेखा’ म्हणजे हिशेब नव्हे



‘मेंढा (लेखा)’मधील ‘लेखा’ म्हणजे ग्रामसभेचा चोख हिशेब, हे आपल्या वाचकाचे म्हणणे पटणारे नाही. लेखा हे शेजारचे गाव. धानोरा तालुक्यातील मेंढा ही गोंडांची छोटी वस्ती लेखा ग्रामपंचायतीत मोडायची. मेंढा नावाची गावे विदर्भात ठिकठिकाणी आहेत, म्हणून ओळखीसाठी कंसात लेखा आले. इतकी साधी गोष्ट आहे.

या वस्तीचे वरचे पत्ते बदलत गेले. १९५६पर्यंत मध्य प्रांत-मध्य प्रदेश, मग द्विभाषिक मुंबई राज्य, १९६०पासून महाराष्ट्र. जिल्हा आधी चांदा, म्हणजेच आजचा चंद्रपूर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. पण गावाच्या दृष्टीने खरा बदल २००९चा. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायला परवाना वनखात्याचाच लागे. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या या गावाने तो हक्क झगडून मिळवला आहे. त्याला नावाच्या काल्पनिक व्युत्पत्तीचा आधार नको.

कृपया हा खुलासा छापावा.

– एक वाचक, गडचिरोली