प्रमाणपत्राने आग विझत नाही

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील दारांना कड्या लागतात. खरीप संपलेला असतो, डोंगरउतारावर दुसऱ्या पिकाला पाणी नसते आणि वनवासी कुटुंबे ‘जगायला’ बाहेर पडतात. स्थलांतराला तिकडे हाच शब्द आहे. कोणी वीटभट्टीवर जातो, तर कोणी बोईसर-भिवंडीच्या कारखान्यांत व गोदामांत ठेकेदाराच्या हाताखाली. जगायला गेलेला माणूस जिवंत परतेल, याची हमी कोणी द्यायची?

7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे कारखान्याला लागलेल्या आगीत 17 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज येथे हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा मजूर आगीत गेले. दर वेळी तेच घडते. हळहळ, मदतीची घोषणा, चौकशीचा आदेश आणि विस्मरण!

वास्तविक यावरील उपाय जुना आहे. हेन्री पार्मली या अमेरिकी पियानो-उत्पादकाने आपल्या कारखान्याच्या रक्षणासाठी 1874 मध्ये स्वयंचलित स्प्रिंकलरचे पेटंट घेतले. आजच्या स्प्रिंकलरमध्ये बहुधा काचेची इवलीशी कुपी असते. साधारण 68 अंश सेल्सियस तापमानाला ती फुटते आणि पाणी सुटते. चित्रपटात दाखवितात तसे सर्व फवारे एकदम उडत नाहीत. जेथे आग, तेथलाच उघडतो. बंब येईपर्यंतची पहिली मोलाची मिनिटे तो राखतो. स्फोट थोपविणे हे त्याचे काम नव्हे. ज्वालाग्राही द्रवांना फेस लागतो, आणि काही रसायनांवर पाणी घातकच ठरते. पण कापूस, कागद व पुठ्ठ्याच्या गोदामांना ही सबब सांगता येणार नाही.

कायदा नाही, असेही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचे असते. पण टाकी कोरडी, पंप बंद आणि झडप गंजलेली असेल, तर त्या कागदाची किंमत काय? आग लागल्यावर तो कागदही जळतोच!

‘लहान उद्योगाला खर्च परवडत नाही,’ असे सांगितले जाते. प्रत्येक लहान शेडला स्प्रिंकलर सक्तीचे नाहीतच. इमारतीचे क्षेत्रफळ, उंची आणि धोक्याची श्रेणी पाहून ते ठरते. मात्र मोकळी वाट, कुलूप नसलेले दुसरे दार आणि रात्री कारखान्यात कोणालाही न झोपविणे, याला किती खर्च येतो? परवडत नाही ते पाणी नव्हे. परवडत नाही ती आस्था!

म्हणून मागणी साधी आहे. हे प्रमाणपत्र कारखान्याच्या फाटकावर मराठीत लावावे आणि वर्षातून दोनदा कामगारांसमक्ष झडप उघडून पाणी येते का, ते दाखवावे. आपल्या वाचकांत उद्योजक आहेत, अभियंते आहेत. त्यांनी उद्या सकाळी शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःच्या छताकडे पाहावे. मोखाड्याच्या पाड्यावर होळीला कोणीतरी वाट पाहत असते.