हे विष कोणाच्या दारात ओतता?

दिवे गेले की पंखा फिरला पाहिजे, एवढ्यापुरतीच आमच्या सुशिक्षित गृहस्थाला जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची आठवण होते. तिच्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे घालू नये, ते खुणेखाली जाऊ देऊ नये, हे त्याच्या गावीही नसते. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की एक ठिणगी पुरते. आम्ही तर तिच्यावर समई तेवताना पाहिली आहे! असो. स्वतःचे घर पेटविण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याला!

आमचे भांडण आहे ते ती बॅटरी मेल्यानंतरच्या व्यवहाराशी. दारावर भंगारवाला येतो, दुकानदारापेक्षा शे-दोनशे रुपये अधिक देतो आणि गृहस्थ खूष! हे जास्तीचे रुपये आले कोठून, हा प्रश्न ज्या डोक्यात उगवत नाही त्यावर पदवीची झूल हवी कशाला? घरगुती बॅटरीचे वजन ५०-६० किलो. त्यात निम्म्याहून अधिक शिसे. रीतसर कारखान्यात धूर गाळावा लागतो, आम्ल निष्प्रभ करावे लागते, कामगारांचे रक्त तपासावे लागते. याला पैसा पडतो. गावाबाहेरच्या चोरट्या भट्टीत यांतले काहीच होत नाही. गंधकाम्ल शिशाच्या गाळासकट गटारात, पेटी कुऱ्हाडीने फोडून शिसे विस्तवावर आणि धूर शेजारच्या वस्तीवर! तो वाचलेला खर्च म्हणजेच तुमच्या खिशातले शे-दोनशे रुपये. त्यांची किंमत भट्टीशेजारच्या मातीत खेळणारे पोर आपल्या मेंदूने चुकविते आणि तेथे झालेली हानी भरून येत नाही.

सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवघ्या पाच महिन्यांत जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाने १८ मुले दगावली. तेथल्या बायाबापड्या पोटासाठी त्या मातीतून शिशाचे कण चाळून विकीत होत्या!

कायदा नाही काय? २००१ पासून आहे आणि २०२२ साली नवाही झाला. बॅटरी बनविणाऱ्याने ती परत गोळा करावी, वापरणाऱ्याने ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्चक्रण करणाऱ्याच्या हवाली करावी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. म्हणून नगरपालिकांना, बँकांना, इस्पितळांना आमचा सवाल आहे: तुमच्या मेलेल्या बॅटऱ्या गेल्या कोठे? पावत्या दाखवा!

आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्याच छापखान्यातल्या दोन बॅटऱ्या आम्ही मागे दारावर विकल्या. त्या कोठे वितळल्या हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. ती लाज मनात बाळगूनच हे लिहीत आहोत.

नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानदाराला द्या. आम्ल ओतू नका, बुचे काढू नका, ती आडवी करू नका. पावतीवर वजन लिहून घ्या. तो पावती देत नसेल तर त्याचे नाव आमच्याकडे धाडा. शहानिशा करू आणि छापू. तेवढी शाई आमच्याकडे आहे!