तळे सोपवण्याची घाई

परसातील तळ्याचे काम ज्या दिवशी पूर्ण झाले असे उद्यानरचनाकार मानतो, त्या दिवशी ते तळे म्हणजे केवळ पाण्याने भरलेला खड्डा असतो. आणि नेमके त्याच दिवशी, घरमालकाच्या उत्साहाखातर, त्यात कोई किंवा गोल्डफिश सोडण्याची प्रथा या व्यवसायात पडलेली असल्यामुळे मासे मरणे, पाणी हिरवे होणे, तळे उपसणे आणि पुन्हा भरणे हे चक्र पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. त्याचे खापर बहुधा माशांच्या जातीवर किंवा ग्राहकाच्या हयगयीवर फोडले जाते, पण मूळ दोष कामाच्या वेळापत्रकात असतो.

माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंच्या कार्यास नायट्रीकरण म्हणतात. हे जिवाणू पाण्यात तरंगण्यापेक्षा दगड, वाळू आणि गाळणीतील माध्यम यांवर थर धरून वाढतात आणि त्यांची पुरेशी वसाहत होण्यास साधारणतः 4 ते 6 आठवडे लागतात. पाणी शेवाळले म्हणून तळे पूर्ण उपसून दगड घासून काढणारा माळी ही वसाहतच धुऊन टाकतो, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

अमोनियाचा घातकपणा पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्लता किंवा अल्कधर्मीपणा दर्शवणाऱ्या मापावर, विलक्षण अवलंबून असतो. पाण्याचे तापमान 30 अंश सेल्सिअस असताना सामू 7 असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातील अंश एक टक्काही नसतो. सामू 9 झाला की तोच 40 टक्क्यांच्या वर जातो. नव्या सिमेंटच्या टाकीतून चुना पाण्यात उतरून सामू वाढतो, आणि दाट हिरव्या शेवाळाच्या पाण्यात तो उन्हाच्या दुपारीही चढतो. म्हणून टाकी अनेकदा भरून रिकामी केल्याखेरीज आणि सामू मोजल्याखेरीज तिच्यात मासा सोडणे हा व्यावसायिक अपराध मानला गेला पाहिजे.

दख्खनच्या काळ्या मातीत तर सिमेंटचा आग्रहच तपासून पाहावा, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि कडक टाकीला तडे पाडते. शेतकरी ज्याला शेततळ्याचा कागद म्हणतात, ते 500 मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर वाळूच्या थरावर अंथरल्यास मातीच्या हालचालीबरोबर बरेच सैल राहते. त्याचे माप काढताना लांबी आणि रुंदी या प्रत्येकीत खोलीची दुप्पट आणि काठावर दाबण्यासाठी दोन्ही बाजूंस किमान 30 सेंटिमीटर मिळवावेत. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल तळ्यास त्यानुसार 4.8 बाय 3.8 मीटरचा कागद लागतो. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर याच तळ्यातून रोज सुमारे 48 लिटर पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून केवळ विंधनविहिरीच्या जड पाण्याने ही तूट भरत राहणे योग्य नव्हे.

पहिल्या आठवड्यांत मासे नाहीत म्हणजे डासांना रान मोकळे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर पंपाने पृष्ठभाग सतत हलता ठेवणे आणि डासांच्या अळ्यांवर नेमका परिणाम करणारे जिवाणूजन्य अळीनाशक वापरणे हे उपाय पुरेसे ठरतात. पहिल्या पंधरवड्यानंतर, अमोनियाची पातळी पाहून, डोक्यावर पांढरा ठिपका असलेले, पृष्ठभागाजवळ अळ्या टिपणारे अप्लोकायलस जातीचे मोजके देशी मासे सोडता येतात. डासांच्या अळ्या खाणाऱ्या गॅम्बुसिया या विदेशी माशाचा मोह मात्र टाळावा. तो बेडकांची पिल्ले आणि इतर माशांची अंडीही फस्त करतो, आणि पावसाळ्यात तळे ओसंडले की त्याची वाट थेट नाल्याकडे जाते. तीच गोष्ट जलपर्णीची: ती रोपवाटिकांतून विकली जात राहिली, तर नद्यांमधून ती काढण्याचा खर्च समाजाच्या माथी बसतो. कुमुद, वेखंड आणि ब्राह्मी यांनी काठ आणि उथळ पाणी उत्तम भरते. सातारा परिसरातील सड्यांवरचा वायतुरा मात्र, जो केवळ पश्चिम घाटातच आढळतो, कोणत्याही ग्राहकासाठी उपटून आणू नये.

या सर्वांसाठी लागणारा काळ अंदाजपत्रकात धरला जात नाही, ही खरी अडचण आहे. तळ्याच्या करारात पाणी भरल्यानंतरचे सहा आठवडे प्रस्थापनाकाळ म्हणून स्वतंत्र शुल्कासह नमूद करावेत, त्या काळात दर आठवड्यास अमोनिया, नायट्राइट आणि सामू यांच्या नोंदी घ्याव्यात, आणि सलग दोन आठवडे पहिले दोन शून्यावर आल्याची नोंद जोडल्याखेरीज तळे ग्राहकाकडे सोपवू नये.