हटवून नेणार कुठे?

संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे खिडकी उघडता येत नाही. वास आधी घशात बसतो, मग जेवणात उतरतो. त्यामुळे सोसायटीने जवळच्या कचरा प्रकल्पाविरुद्ध मोर्चा काढला, त्यात मीही होतो. पण ‘प्रकल्प हटवा’ ही घोषणा माझ्या तोंडून निघाली नाही.

हटवून नेणार कुठे? पुण्याने हे करून पाहिलंय. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत ओतला. तिथल्या विहिरी नासल्या. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि आपल्या कोपऱ्यावर ढीग साचले, तेव्हा कुठे शहराला प्रश्न दिसला.

ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला की त्याला हवा मिळत नाही. तो सडतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नासक्या अंड्याचा तो वास हाच. तोच कचरा वेगळा ठेवून हवेशीर कुजवला, तर खत होतं.

म्हणून पालिकेकडे मागायचं ते हे: बंदिस्त गाड्या, गळणाऱ्या घाण पाण्याचा निचरा, दुर्गंधीची मोजणी आणि तिचे आकडे जाहीर. जमत नसेल तर दुरुस्तीपर्यंत प्रकल्प बंद.

आणि आपण? ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे २०१६च्या नियमांनीच सांगितलं होतं. आमच्या खतयंत्राच्या खोलीत सायकली ठेवल्यात. पुढच्या मोर्चाआधी तेवढ्या बाहेर काढू. नाहीतर आपली घोषणा एवढीच उरते: वास दुसऱ्याच्या दारात न्या.